पाजळणे

पेरू कापताना माझा घडीचा चाकू सालीवरून घसरून डाव्या अंगठ्यावर आला, त्या दिवशी त्याला धार लावायचे ठरले. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते हवे तिथे जात नाही. सायकलचे चाक फिरवत येणारा धारवाला आमच्याकडे हल्ली फिरकत नाही, आणि विजेच्या चाकावर ठिणग्या उडवत लावलेली धार मला मानवत नाही. पाते तापून निळसर झाले की पोलादाचे पाणी उतरते आणि ती धार टिकत नाही.

म्हणून एका बाजूने भरड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड आणला आणि पहिल्या आठवड्यात चाकू आणखी बोथट करून ठेवला. दोष मनगटाचा होता. पाते पुढे नेताना कोन वाढे, मागे आणताना कमी होई, त्यामुळे धारेची कड गोलसर होत गेली. अखेर शाळेतली त्रिकोणमिती कामी आली. माझे पाते 13 मिलिमीटर रुंद आहे. 20 अंशांचा कोन हवा असेल तर त्याची पाठ दगडापासून सुमारे साडेचार मिलिमीटर वर राहायला हवी, म्हणजे रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवल्याइतकी. ही चळत पाठीखाली ठेवून कोन हाताला समजला की मी ती काढून घेतो. तरीही धारेच्या कडेला काळा मार्कर फासून दोन-तीन हात फिरवून पाहतोच: शाई फक्त पाठीकडची गेली तर पाते फार आडवे धरलेले असते, फक्त अगदी कडेची गेली तर फार उभे.

पुढचे काम बोटांचे. एकाच बाजूने घासत राहिले की कडेचे पोलाद पातळ होऊन पलीकडे वळते. अंगठा पाठीकडून धारेकडे अलगद सरकवला की तिथे केसभर खरखर लागते. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली तरच बाजू पालटायची. मी मात्र वीस हात इकडे, वीस तिकडे असे मोजत बसे, आणि पाते वळते तिथला टोकाजवळचा भाग तसाच राहून जाई. तिथे मूठ किंचित उचलावी लागते. शेवटी उरलेली खरखर जुन्या कातडी पट्ट्यावर काढायची, पाते पाठीच्या दिशेने ओढत. पहिल्यांदा मी ते उलट ओढले आणि पट्ट्याचीच सालटी निघाली.

या सगळ्याला पाजळणे म्हणतात. हे क्रियापद आता बहुधा अकलेपुरतेच उरले आहे, आणि तो पट्टा पाहून घरात ते त्याच अर्थाने वापरले गेले.

परवा चाकूने पिकलेला टोमॅटो न दाबता कापला गेला. ते पाहून आईने लगेच विळी पुढे सरकवली. तिचे पाते वाकडे आणि पाटाला जखडलेले. म्हणजे आता पाते स्थिर राहणार आणि दगड हातात धरून फिरवायचा. तीन नाण्यांचा हिशेब तिथे चालत नाही.