क्रुगरमध्ये आपली गाडी आपणच हाकायची

ताडोबा करून आलेल्या माणसाला दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कचा कारभार आधी पटतच नाही. जिप्सी नाही, गाईड नाही, सकाळ-दुपारचा स्लॉट नाही. घरची साधी गाडी घेऊन गेटवर कागद दाखवा, पैसे भरा आणि जा हवं तिकडे. जंगल किती, तर साधारण साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर, ताडोबा बफरसकट सतराशेच्या आसपास आहे, म्हणजे विचार करा.

आई-बाबा जूनमध्ये आमच्याकडे जोबर्गला, म्हणजे जोहान्सबर्गला आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो. जून म्हणजे इकडे हिवाळा, गवत वाळलेलं, झाडं बोडकी, पाणी नदीला आणि डॅमना तेवढं, त्यामुळे जनावरं दिसायला हाच सीझन भारी. पण पहाटे थंडी म्हणजे काय विचारू नका. स्कुकुझा या पार्कातल्या राहायच्या कॅम्पचं गेट ६ ला उघडतं, आम्ही त्याआधीच लाईनीत, बाबा कानटोपी चढवून आणि आई थर्मासमधून चहा ओततेय.

नियम मोजकेच. डांबरी रस्त्यावर ५०, कच्च्यावर ४०, आणि ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. खरं तर ५० सुद्धा जास्त होतात, पंचवीस-तीसने गेलात तरच काहीतरी दिसतं, नाहीतर नुसते इम्पाला, म्हणजे इथले हरणासारखे प्राणी, आणि ते इतके की तासाभरानंतर त्यांच्यासाठी कोणी मान पण वळवत नाही.

आम्ही एच४-१ हा रस्ता घेतला, स्कुकुझा ते लोअर साबी हा दुसरा कॅम्प, साबी नदीच्या कडेकडेने ४६ किलोमीटर. इथे एक गोष्ट लवकर कळते, ती म्हणजे प्राणी शोधायचे नसतात, थांबलेल्या गाड्या शोधायच्या. एकच गाडी थांबलीय आणि आत दुर्बीण, तर पक्षी. चार-पाच असतील तर सिंह असू शकतो. आणि रस्ता पार जाम, लोक खिडकीतून अर्धे बाहेर, तर समजायचं बिबट्या. आम्हाला असा जाम लागला, वीस मिनिटं इंच इंच पुढे सरकल्यावर झाडाच्या फांदीवरून लोंबणारी शेपटी दिसली. फक्त शेपटी. बाबा म्हणाले, "दिसला ना? झालं, चल आता, मागचे खोळंबलेत."

हत्ती मात्र जपून हं. एका वळणावर मोठा नर समोरून रस्त्याच्या मधोमध चालत येत होता, डोळा आणि कानाच्या मधून काळपट ओघळ, मागचे पाय आतून ओले. माजावर आलेला हत्ती असाच ओळखायचा. हॉर्न वाजवायचा नाही, इंजिन बंद करायचं नाही, सावकाश रिव्हर्स घेत राहायचं. नवरा जवळजवळ अर्धा किलोमीटर मागे मागे गेला, मग साहेब नदीकडे वळले. तोवर गाडीत कोणी एक शब्द काढला नाही, आणि आमच्या घरात हे फार दुर्मिळ आहे.

ङ्कुह्लूला उतरता येतं, पिकनिक स्पॉट आहे, लोक गॅसच्या मोठ्या तव्यावर अंडी-बिंडी करत बसतात आणि माकडं टपलेली असतात. शेजारच्या टेबलावरचा टोस्ट डोळ्यादेखत गेला. आईने माथेरान बघितलेलं, तिने दशम्यांचा डबा पदराखालून बाहेरच काढला नाही.

लोअर साबीच्या अलीकडे सनसेट डॅम आहे, रस्त्याला इतका चिकटून की गाडीत बसल्या बसल्या पाणघोडे मोजावेत. एकाच्या पाठीवर कासवं ऊन खात बसलेली, ओळीने. नवऱ्याला पुढे जायचं होतं, कोणीतरी खिडकी खाली करून पुढे सिंह असल्याचं सांगितलं होतं. आई म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी इथेच बसते," आणि उतरता तर येत नाही, so सगळेच बसलो. दीड तास! मला तोच वेळ सगळ्यात आवडला. ताडोबात कुठे कॉल आला, म्हणजे वाघाच्या चाहुलीने हरणं-माकडं ओरडली, की जिप्सी धूळ उडवत सुटते आणि आपण दांडा धरून बसायचं. इथे कुठे आणि किती वेळ थांबायचं ते आपणच ठरवायचं, मग भले सिंह हुकू दे.

कॅम्पात नकाशाचा बोर्ड असतो, लोक काय कुठे दिसलं ते रंगीत मॅग्नेटने लावतात. बाबांनी विचारलं, यात गेंडा कुठेय? गेंडा नसतोच, कारण बोर्ड शिकाऱ्यालाही वाचता येतो. दुपारी एक दिसला, शिंग कापलेला. शिंगासाठी मारू नयेत म्हणून पार्कवालेच बेशुद्ध करून कापतात, नखासारखं परत वाढतं. बाबा बराच वेळ बघत होते, म्हणाले, "जीव वाचवायला नाक कापायची वेळ आली की रे याच्यावर."

जूनमध्ये गेट साडेपाचला बंद होतं, उशीर झाला तर दंड, आणि वाटेत हत्तींचा कळप रस्ता ओलांडत असेल तर त्यांना घाई आहे म्हणून सांगता येत नाही, तेव्हा लोअर साबीहून साडेतीनला निघाच. अजून एक, जाताना नदी डावीकडे असते, so डावी खिडकी कोणाची हे आदल्या रात्री ठरवून घ्या. आमच्याकडे ती आईने घेतली, आणि परतताना नदी उजवीकडे येणार हे लक्षात आल्यावर लोअर साबीलाच बाबांना उठवून तीही घेतली.