चेन कुठाय?

वहिनींनी आज माझ्या वहीतला फ्रॉक पाहिला आणि एवढेच विचारले, "ताई, चेन कुठाय ह्याला?" त्यांच्या स्वरात कुचेष्टा नव्हती. लग्नसराईच्या ब्लाउजांची घाई होती, मशीनवर अस्तर तसेच लोंबत होते, आणि वही माझ्या हाती परत देऊन त्या पुन्हा कामाला लागल्या. तरीही दुपारपासून तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही, म्हणून अंगणात खाट टाकण्याऐवजी मी या उकाड्यात आत लिहीत बसले आहे.

मला वाईट नेमके कशाचे वाटले? चित्र जमले नाही असे त्या म्हणाल्या असत्या तर मी निमूटपणे ऐकून घेतले असते, कारण शिकाऊ हाताला तेवढे ऐकावेच लागते. पण त्यांनी चित्राकडे पाहिलेच नाही. ती उंच मान, कमरेवर टेकवलेला हात, एका पायावर तोललेले शरीर, ज्याचा तोल सांभाळण्यासाठी मी गळ्याच्या खळगीपासून टाचेपर्यंत सरळ उभी रेघ आखून तो पुन्हा पुन्हा तपासला होता, यांपैकी कशावरही त्यांची नजर थांबली नाही. ती थेट कापडावर गेली, आणि कापडातही जे मी काढलेले नव्हते त्यावर गेली.

शिकवणारे सांगतात की प्रत्यक्षातला माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच असतो, पण फॅशनच्या चित्रातली बाई नऊ डोक्यांची काढावी आणि वाढीव उंची बहुतेक सगळी पायांना द्यावी. कंबर तिसऱ्या डोक्यापाशी येते, गुडघे सहाव्यापाशी. रावणापेक्षा एकच डोके कमी असलेली ही बाई उद्या नवी पेठेत खरेदीला आली, तर तिच्या उंचीचा परकर तिला एकाही दुकानात मिळणार नाही. तरीही तिला घडवण्यात मी किती रमले होते! या वयात कोणीतरी आपल्याला चित्रकार म्हणावे, ही हाव त्यात नव्हती असे मी म्हणणार नाही. कौतुकाचा एक शब्द मागणे हे काही फार मोठे मागणे नव्हे, आणि घरात तो कधीच कोणी देत नाही, विशेषतः ज्यांच्या हातात कला आहे त्यांनी तर...

असो. दादाही कागदच रंगवत असत. चादरीच्या नक्षीचा ग्राफ भरताना त्यांचा एकेक चौकोन ठरलेला असे: भरलेला असला तर तिथे उभा धागा वर उचलायचा, रिकामा असला तर खाली ठेवायचा. त्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची, कार्डे टोचली जात, आणि एक चौकोन चुकला तर ती चूक नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात उमटत असे. तो कागद किती सुंदर आहे असे त्यांना कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. त्यांना त्याचे काय वाटत होते, हे मी कधी विचारले नाही.

रात्री जेवणे झाल्यावर वहिनींचा टेप घेऊन मी स्वतःच्या डोक्याभोवती गुंडाळला, तेव्हा तो बावीस इंच भरला. मी काढलेला गोल गळा मानेलगत बसणारा, म्हणजे जेमतेम चौदा इंचांचा. होजिअरीचे कापड असते तर ताणून निभावले असते, पण मागावरचे साधे सुती कापड तसे ताणत नाही. चेन नाही, मागे फट नाही, खांद्यावर बटण नाही. म्हणजे त्या बाईच्या नऊ डोक्यांपैकी एकही त्या गळ्यातून आत जाणार नव्हते. हे लक्षात आल्यावर मला एकटीलाच हसू आले, आणि दुपारपासून घशात अडकलेले काहीतरी थोडे खाली उतरले. पूर्ण नाही.

मग मी बाई काढलीच नाही. आपल्याकडे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत मास्तरांपुढे जे चित्र असते, त्याला तोंड नसते आणि पायही नसतात. टेबलावर पसरून ठेवल्यासारखा नुसता कपडा असतो, पुढून एकदा आणि मागून एकदा. कागदाची उभी घडी घालायची, घडीला पुढच्या भागाचा मध्य मानायचा, अर्धाच फ्रॉक काढायचा, आणि घडी मिटून दुसऱ्या बाजूला गिरवायचा, म्हणजे दोन्ही मुंढे, जिथे बाह्या जोडतात ते गोल काप, आणि दोन्ही खांदे सारखे येतात. जिथे दोन तुकडे जोडले जातात तिथे सलग रेघ आणि वरून टीप मारायची तिथे तुटक रेघ, एवढा एक नियम पाळला की कपडा स्वतःच बोलू लागतो. मुंढ्यातून निघून छातीकडे जाणारा टक, म्हणजे कापडाला आकार देणारी चिमटीची शिवण, मी पहिल्यांदाच नीट काढला. मागच्या बाजूला मध्यावर चेन काढली, अगदी कमरेच्या खालपर्यंत, दातांसकट, गरजेपेक्षा जरा जास्तच ठळक.

खिसा मात्र मला एकाच बाजूला हवा होता आणि गिरवताना दोन्हीकडे उमटला. खोडण्यासाठी रबर उचलले आणि ठेवून दिले, कारण बायकांच्या कपड्यांना एरवी एकही मिळत नाही. आता त्याचे तोंड बाजूच्या शिवणीत घ्यायचे की वरून पट्टी लावायची, एवढेच ठरवायचे राहिले आहे. पट्टी लावली तर आणखी दोन तुटक रेघा वाढतील.