विंचेस्टरचं सदावर्त आणि धुराड्यांची रांग

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून विंचेस्टर तासाभरावर. कॅथेड्रल उरकून बहुतेक जण परततात. तुम्ही तसं करू नका. इचेन नदीच्या कडेने कुरणांतून अर्ध्या तासाची पायवाट सेंट क्रॉसला जाते. पाणी इतकं नितळ की तळातलं शेवाळ हलताना दिसतं. पण आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर बूट घाला. माझे कॅनव्हासचे चिखलात गेले.

सेंट क्रॉस म्हणजे आम्सहाऊस (almshouse, त्यातला 'l' उच्चारत नाहीत): निराधार वृद्धांना राहायला धर्मादाय घरं. बिशप हेन्री ऑफ ब्लॉइस यांनी 1130च्या दशकात तेरा गरिबांसाठी ते सुरू केलं, शिवाय रोज शंभर जणांना जेवण. आजही तिथे 'ब्रदर' (तिथल्या वृद्धांना असंच म्हणतात) राहतात, काळा किंवा लाल झगा घालून. लाल झगेवाले कार्डिनल बोफोर्ट यांच्या 1445च्या देणगीतले, म्हणजे चांगल्या घरातले पण दिवस फिरलेले.

बोफोर्ट बुरुजाखालच्या देवडीवर 'वेफेअरर्स डोल' (वाटसरूला दिलं जाणारं दान) मागायचा. मागितल्याशिवाय मिळत नाही, लाजू नका. पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर हाती आली, तशी बायको म्हणाली, "अहो, हे तर सदावर्तच की!"

चर्च भव्य आहे, जाड नॉर्मन खांबांचं. पण मी रेंगाळलो अंगणात, पश्चिमेकडच्या घरांसमोर. पंधराव्या शतकातली दुमजली दगडी रांग आणि तिच्यावर ओळीने उंच धुराडी. आत एकेका दारातून चार बिऱ्हाडं: दोन खाली, दोन वर. बाजूच्या भोजनगृहात मात्र चूल दालनाच्या मधोमध, सगळ्यांची मिळून एकच. जेवण पंगतीत, पण रात्री दार लावून ज्याने त्याने आपल्या शेकोटीपुढे बसायचं. देणगीवर जगणाऱ्या म्हाताऱ्याला त्या काळी स्वतःची शेकोटी! बांधणाऱ्याचं मन मला तिथे दिसलं.

घरांत लोक राहतात. खिडक्यांतून डोकावू नका, फोटो अंगणातूनच काढा. तिकीट आहे, वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आधी बघून निघा.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर चिचेस्टर गावचं सेंट मेरीज हे आम्सहाऊस गाठा, मात्र आधी विचारून. तिथे एकाच अवाढव्य मध्ययुगीन छपराखाली छोटी घरं बसवलीत आणि त्यांची विटांची धुराडी थेट छप्पर फोडून वर आलीत.