टाकीवरची नोकरी आणि केसपेपरवरची एक ओळ

खांदा आखडला म्हणून मी आधी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. फ्रोझन शोल्डर म्हणून शेक, व्यायाम, गोळ्या, सगळं झालं. चालताना माझा उजवा हात हलतच नाही, हे बायकोच्या लक्षात आलं. पुढे सही जुळत नाही म्हणून बँकेने चेक परत केला. अक्षर मुंगीएवढं झालं होतं. मग न्यूरोलॉजिस्ट गाठले.

त्यांनी बोटं आपटायला लावली, कागदावर चकली काढायला लावली, मागे उभं राहून खांदे ओढून तोल बघितला. एमआरआय काढला तो दुसरं काही नाही ना, एवढंच बघायला. पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान त्यांनी तपासूनच केलं. लेव्होडोपा हे त्यावरचं औषध सुरू झाल्यावर शर्टाची बटणं पुन्हा लावता यायला लागली, तेव्हा मलाही पटलं.

पुढच्या भेटीत त्यांनी विचारलं, "काका, नोकरी कसली होती?"

भोसरीत, मशीनचे पार्ट धुवायच्या टाकीवर. टाकीत टीसीई, म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन. तेल-ग्रीस एका बुडीत साफ! वास गोडसर, शिफ्ट संपताना डोकं हलकं. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. त्याची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहते. टाकी रिकामी करून गाळ काढायला आत उतरणाऱ्याला सगळ्यात जास्त लागायची, आणि ते काम बहुतेक माझ्याकडेच असे.

डॉक्टरांनी अमेरिकेतल्या लष्करी तळाचा अभ्यास सांगितला. कॅम्प लेजूनच्या पिण्याच्या पाण्यात टीसीई मिसळलं होतं. तिथे राहिलेल्या सैनिकांना दुसऱ्या तळावरच्यांपेक्षा पार्किन्सन्सचा धोका ७० टक्के जास्त निघाला; अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. मी घाबरलो. ते म्हणाले, "आकडा नीट बघा. हजारात दोघांच्या जागी साधारण तिघे. तुम्हाला यानेच झालं, असं सांगणारी तपासणी नाही." हे मला आवडलं. उगाच धीर नाही आणि उगाच दोषही नाही. पण केसपेपरवर 'कामाच्या ठिकाणी टीसीईशी दीर्घकाळ संपर्क' ही ओळ त्यांनी लिहून दिली.

खरी दमछाक पुढेच झाली. कर्मचारी विम्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत पार्किन्सन्स हे नाव नाही. मँगनीजमुळे होणारे आजार आहेत, आणि टीसीई ज्यात मोडतं त्या हॅलोजनयुक्त हायड्रोकार्बनमुळे होणारेही आहेत. म्हणजे रोगाच्या नावाने मागून उपयोग नाही, रसायनापासून सुरुवात करायची. पण टाकीत काय होतं याचा कागद कुठून आणायचा? कंपनीत जुनी रजिस्टरं सापडली नाहीत. शेवटी नेमणूकपत्र, विम्याचं जुनं कार्ड, पगाराच्या स्लिपा आणि आमच्या निवृत्त सुपरवायझरचं प्रतिज्ञापत्र जोडलं. मुलगी म्हणाली, बाबा, रसायनाचं नाव प्रत्येक कागदावर एकसारखं लिहा. कुठे 'ट्राय', कुठे 'थिनर' असं नको. तिचं ऐकलं ते बरं झालं.

अर्ज गेलाय, मेडिकल बोर्डाची तारीख यायची आहे. मंजूर होईल असं धरून मी बसलेलो नाही. अजून टाकीवर असलेल्या पोरांना मात्र सांगून आलोय, ड्रमवरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा.