भाकरीच्या मुलखात डबा कशाला?

"गहूच चालत नाही ना तुम्हाला? मग महाराष्ट्रात फिरताना अडचण कसली? भाकरी आहे, भात आहे. डबा कशाला वाहता?"

हा प्रश्न मला सोलापुरात विचारतात, लातुरात विचारतात, पुण्यात घरी आलेले पाहुणेही विचारतात. इतके दिवस "सवय झालीय हो" म्हणून वेळ मारून नेत होतो. पण परवा एका पतसंस्थेच्या अध्यक्षांनी तो भर बैठकीत विचारला, आणि वर "आमच्या अन्नावर विश्वास नाही का साहेब?" अशी पुस्ती जोडली. सगळे हसले. मी पण हसलो. आता मात्र एकदाच काय ते सांगून टाकतो. तुम्ही विचारलंत म्हणून.

मला सीलिॲक आहे, म्हणजे गव्हात आणि जवात असलेल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतडं बिघडतं तो आजार. तो कसा कळला, माझी बायोप्सी कधी झाली, हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते पुन्हा उगाळत नाही. फक्त दोन वाक्यांचा निकाल आधी लावतो, कारण ती प्रत्येक मुक्कामी ऐकावी लागतात.

पहिलं वाक्य, "थोडंसं चालत असेल की." नाही चालत. आपल्याकडे पाकिटावर ग्लुटेन-फ्री छापायचं असेल तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन लागतं. त्या हिशेबात चिमूटभर कणीक म्हणजे थोडंसं होत नाही.

दुसरं, "हे हल्लीचं फॅड आहे." विलेम-कारेल डिके नावाचे एक डच बालरोगतज्ज्ञ होते. काही मुलांना गहू बाधतो असा त्यांना संशय होताच. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळा देश खंगत असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. तेव्हा फॅड म्हणायचं तर बरंच जुनं आहे.

आता भात-भाकरीकडे वळू. भात मिळतो, खरं आहे. पण भातावर वरण येतं, वरणात हिंग असतो, आणि डबीतला बांधानी हिंग बऱ्याचदा मैद्यात नाहीतर कणकेत बांधलेला असतो. कुठल्याही किराणा दुकानात डबी उलटी करून वाचा. मऊ भाताबरोबर मेतकूट द्याल, तर त्यात गहू भाजून घालतात. थालिपीठाच्या भाजणीत घरोघरी काय काय पडतं ते त्या घरालाच ठाऊक. कोकणात गेलो की सुरमई येते ती रव्यात घोळून. डोसा म्हणाल तर आधीचा रवा डोसा त्याच तव्यावर झालेला असतो. पंक्तीत मी कोरडा भात, दही आणि मीठ घेऊन बसतो आणि शेजारचा विचारतो, "पोट बिघडलंय का?"

आणि भाकरी. ज्वारीत ग्लुटेन नाही, बरोबर. पण ती ज्वारी गिरणीतून येते. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की त्याच जात्यात तुमची ज्वारी पडते. पहिली दोन-चार मुठी पीठ मिश्रच येतं. ते बाजूला काढा म्हटलं तर गिरणीवाला वरपासून खालपर्यंत बघतो.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. तरीही त्या दिवशी मी जेवलो. ते आता सांगतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेची हिशेबतपासणी, म्हणजे माझं नेहमीचं काम, संपली होती. व्यवस्थापक सज्जन माणूस. दोन दिवस मी माझ्या डब्यातलं खातोय हे त्याला मनातून लागलं होतं. निघायच्या दिवशी म्हणाला, "साहेब, गव्हाचा कण नाय अशा ठिकाणी नेतो तुम्हाला. मालक माझा मित्र हाय. आमच्याकडं ज्वारी सोडून दुसरं खातंय कोण?" आता मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडी ज्वारीचं वाण मोहोळचं. या भागात भाकरीवर शंका घेणं म्हणजे नाशकात जाऊन द्राक्षांवर शंका घेणं. गेलो.

हायवेला लागून ढाबा. मी मालकाला विचारायचं ते सगळं विचारलं. हिंग नको, आमटी नको. भाकरी फक्त ज्वारीची आहे ना? परात वेगळी आहे का? लाटताना, थापताना वरून कणीक लावत नाही ना? मालकाने छातीवर हात ठेवला. "शुद्ध ज्वारी हाय साहेब. बिनधास्त खावा." शेंगदाण्याची चटणी, कांदा, दही आणि गरम भाकरी. फार दिवसांनी बाहेर गरम भाकरी खात होतो. चविष्ट होती. दुसरी मागून घेतली. व्यवस्थापक समोर बसून माझ्याकडे असा बघत होता, जणू त्यानेच मला बरं केलं होतं.

हात धुवायचा नळ मागे होता, भटारखान्याच्या दाराशी. आत एक विशीतला पोरगा परातीत पीठ मळत होता. त्याने ज्वारीच्या पिठात शेजारच्या डब्यातून ओंजळभर पीठ टाकलं. पांढुरकं नव्हतं ते. मी विचारलं, "हे कसलं?"

"गव्हाचं," तो म्हणाला. "त्याच्याबिगर भाकर फाटते. मला थापायला येत नाय ना नीट. आई घालत नाय, मी घालतो."

त्या पोराने सगळं शास्त्र एका दमात सांगितलं होतं. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून आधणाचं पाणी घालून मळावं लागतं आणि हाताला सराव लागतो. ज्याला सराव नाही तो गव्हाचा चिवटपणा उसना घेतो. तो चिवटपणा म्हणजेच ग्लुटेन. चुकून सांडलं, उडून पडलं अशातला प्रकार नव्हता. मला जे चालत नाही नेमकं तेच, तेवढ्याचसाठी, मोजून घातलं होतं. आणि मालकाला यातलं काही माहीत नव्हतं. तो खोटं बोलला नव्हता. त्याने आयुष्यभर आपल्या ढाब्यात ज्वारीचीच भाकरी होते असं धरलेलं होतं.

यावर औषध नाही. खाल्लं की खाल्लं. आता दोन-तीन तासांत काय होणार हे मला माहीत होतं, आणि समोर व्यवस्थापक बडीशेप चघळत विचारत होता, "कशी होती भाकर?" मी "उत्तम" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पुण्याची एसटी मिळाली. टेंभुर्णीच्या अलीकडे पोटात पिळा पडायला लागला. उलटी खिडकीतून झाली, मागच्या सीटवरच्या बाईंनी जे बोलायचं ते बोलून घेतलं, त्यांचं चुकलं नाही. मग दुसरी गरज आली, ती खिडकीतून भागणारी नव्हती. कंडक्टरकडे गेलो. त्याने माझं तोंड बघूनच बेल मारली. उसाच्या कडेला, अंधारात, मोबाइलच्या उजेडात, हातात पाण्याची बाटली, आणि वर रस्त्यावर गाडीभर माणसं माझी वाट बघत उभी. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "साहेबांनी जास्त घेतली वाटतं." इंदापूरच्या स्टँडवर परत तेच. भिगवणपर्यंत माझ्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, तर कंडक्टरने स्वतःची पुढची सीट दिली. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

पुढचा आठवडा सांध्यांचं दुखणं, तोंडात फोड आणि डोक्यात धुकं. अहवाल लांबला. तर पतसंस्थेत बोलवा उठली की साहेब कशावरून तरी नाराज आहेत. व्यवस्थापकाचा फोन आला, "काही चुकलं का आमचं?" मी म्हटलं, व्हायरल झालं होतं.

बायको म्हणाली, "आधी स्वयंपाकघर बघायचं ना." अगं, कुठला पाहुणा जेवायच्या आधी यजमानाचं स्वयंपाकघर तपासतो? हे मी तिला तेव्हा चिडून विचारलं. आता तपासतो. लाज वाटते, तरी तपासतो. बाहेरून "पाणी कुठे आहे" असं विचारत आत जातो आणि परात, डबे, तवा बघून घेतो.

इथे माझं माझ्याशीच भांडण आहे. निदान झाल्यानंतरची पहिली काही वर्षं मी म्हणायचो, आजाराचा बाऊ करायचा नाही. विचारायचं, लोक सांगतात, खायचं. तो माणूस अजून माझ्यात आहे आणि तो मला सांगतो की तू पंगतीतून उठलेला, घुम्या, संशयी म्हातारा झालास. मी त्याला उसाच्या कडेची रात्र दाखवतो. तो म्हणतो, एका रात्रीपायी किती जेवणं नाकारणार? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

माझ्या धंद्यात कॅशियर म्हणतो, "शिल्लक बरोबर आहे साहेब, कशाला मोजताय?" तिथे मी हमखास मोजतो. जेवणाचंही मग तसंच धरतो. "निर्धास्त खा" म्हणणाऱ्याकडे मी जेवत नाही. "थांबा, आत विचारून येतो" म्हणणाऱ्याकडे जेवतो. "ते नका घेऊ, त्यात काय आहे मला सांगता येणार नाही" असं म्हणणारा भेटला तर तिथे पुन्हा जातो. लातूर रोडला इडलीची एक टपरी आहे, तिथल्या काकू म्हणतात, "सांबार नको तुम्हाला, चटणी घ्या, हिंग नाही तिच्यात." त्यांनी डबी वाचली होती.

आणि एक कबुली, देवाधर्माच्या माणसांची माफी मागून. मी उपवास सांगतो. "मला आजार आहे" म्हटलं की समोरचा म्हणतो, "एखाद्या दिवशी काय होतं!" "उपवास आहे" म्हटलं की तोच माणूस चमचासुद्धा वेगळा काढतो. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, दाणे, यात गहू कुठेच नाही. पुष्कळ गिरण्यांत उपवासाच्या पिठाला वेगळी चक्की असते, कारण धान्य मिसळलेलं कोणालाच चालत नाही. आजाराला जे पावित्र्य नाही ते एकादशीला आहे. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी पंचाईत होते, तेव्हा नवस सांगतो. माझी आई कडक उपवास करायची आणि मी तिची थट्टा करायचो, म्हणून हे सांगताना जीभ जरा अडखळते. तेवढं करूनही साबुदाणावडा घेत नाही, कारण त्याच कढईत सकाळी समोसे तळलेले असतात.

दुकानांचं विचारलंत, तर नव्या गावात मी हॉटेलच्या आधी किराणा दुकान शोधतो. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, खजूर, साधे चुरमुरे, दह्याचं पाकीट, केळी. एक रात्र निघते. कॉर्नफ्लेक्स मक्याचे म्हणून उचलू नका, त्यात माल्ट असतं आणि माल्ट जवाचं. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून चायनीजच्या गाडीवरचा "फक्त राइस आहे साहेब" हा राइसही बाद. पुण्यातल्या मॉलमध्ये ग्लुटेन-फ्रीचं वेगळं कपाट असतं, तिथली बिस्किटं भुशासारखी लागतात आणि किंमत काजूकतलीची. तालुक्याच्या गावी ते कपाट नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची फार उणीवही भासत नाही. त्यापेक्षा कणकेशिवायचा हिंग गावोगाव मिळाला तर माझे निम्मे प्रश्न सुटतील.

"मग परदेशात तर हालच होत असतील?" मुलगी मिलानला शिकते, तिच्याकडे गेलो होतो. पास्ता-पिझ्झाचा देश, मी जाताना बॅगेत भडंग भरून नेलं. तिथे औषधाच्या दुकानात ग्लुटेन-फ्री पाव मिळतो. ज्यांना हा आजार आहे त्यांना सरकार दरमहा ठरावीक रकमेपर्यंत असं सामान देतं. सीलिॲक रुग्णांच्या संघटनेची हॉटेलांची यादी आहे. वेटरने माझी ऑर्डर घेण्याआधी स्वतःच विचारलं, आजार आहे की आवड आहे? आजार म्हटल्यावर तो आत जाऊन आला. गहू खाणाऱ्यांना गव्हाचा आजार माहीत असतो, त्यात नवल नाही. आपल्या उत्तर भारतातही शंभरात सुमारे एकाला तो असतो, दक्षिणेकडे प्रमाण फार कमी. आपण मधले. इथे भाकरी आहे म्हणून कोणी विचारतच नाही, आणि म्हणून मला ती खाता येत नाही.

त्या सोलापूरच्या व्यवस्थापकाला अखेर मी खरं काय झालं ते सांगितलं, बऱ्याच उशिराने. तो गप्प बसला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "यंदा घरीच जेवायचं साहेब. नवा तवा आणलाय. हिंगाची डबी बायकोनं काढून ठेवलीय. ज्वारी बाहेर दळत नाय, घरची चक्की घेतलीय."

घरच्या चक्कीत ते गहूही दळत असणार. पोळ्या काय त्यांच्याकडे होत नाहीत? हे विचारायला मी फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. तपासणी सोमवारी सुरू होतेय. डब्याचं सामान आणून ठेवलंय, सोमवार महादेवाचा आहे हेही लक्षात आहे. बायको म्हणते, विचार आणि मोकळा हो. विचारायचं काय ते तुम्ही सांगा, तुम्हीच तर विचारत होतात.