चार ठिकाणी खोडलेला एक शब्द

गेल्या महिन्यात माझा निबंध तपासून परत आला. त्यात एकच शब्द खोडलेला होता, पण चार ठिकाणी: अंधश्रद्धाळू. बाजूला बाईंनी लिहिलं होतं, "हा शब्द आला की तुझा विचार तिथेच थांबतो. त्या लोकांनी काय पाहिलं ते लिही."

मला राग आला आणि दोन दिवस तो गेला नाही. हा शब्द ठामपणे उच्चारता यावा म्हणून आपल्याकडे माणसांनी आयुष्यं वेचली. आणि अमेरिकेतल्या एका वर्गात बसून मी तो का सोडायचा?

विषयाचं नाव आहे 'व्हॅम्पायर: लोककथा, साहित्य आणि चित्रपट'. व्हॅम्पायर म्हणजे थडग्यातून उठून जिवंत माणसांचं रक्त शोषणारं प्रेत. मी संख्याशास्त्र शिकते, पण इथे पदवीसाठी मानव्यशाखेतलाही एक विषय घ्यावाच लागतो. फोनवर मामा म्हणाला होता, "एवढी फी भरून भुतं शिकतेस?" तेव्हा मी विषय बदलला होता. आज बदलणार नाही.

पहिले पाच आठवडे एकही सिनेमा नाही, कादंबरी नाही. वाचायचे ते सरकारी अहवाल. १७१८च्या तहात उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे आला. त्यामुळे तिथल्या खेड्यांत जे चालायचं, ते नव्या अधिकाऱ्यांच्या कागदावर उतरू लागलं. १७२५ मध्ये किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा माणूस वारला आणि त्यानंतर आठ दिवसांत नऊ जण गेले. पेटार झोपेत येऊन गळा दाबतो, असं मरणाऱ्यांनी सांगितलं. गावकऱ्यांना थडगं उघडायचं होतं. अधिकारी म्हणाला, आधी बेलग्रेडहून परवानगी आणू. गावकरी म्हणाले, तोवर गावात कुणी उरणार नाही, आम्ही गाव सोडून जातो. शेवटी अधिकारी त्यांच्याबरोबर थडग्यापाशी गेला. प्रेत ताजं दिसत होतं. केस, दाढी, नखं वाढलेली, जुनी कातडी सुटून खाली नवी आलेली, तोंडात रक्त. गावकऱ्यांनी खुंटा ठोकून प्रेत जाळलं. अहवालाच्या शेवटी तो लिहितो की यात काही चूक झाली असेल तर ती माझी नाही, भीतीने बेभान झालेल्या लोकांची आहे.

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं असेन! त्याने पाहिलेलं खोटं नव्हतं. प्रेतात वायू साठून ते फुगतं, आतला काळपट द्रव तोंडावाटे बाहेर येतो, वरची कातडी सुटते, आणि कातडी आक्रसल्यामुळे नखं वाढल्यासारखी दिसतात. हे माहीत नसलेल्या माणसाने थडग्यात डोकावून दुसरं काय म्हणायचं होतं? १७३२ मध्ये सर्बियातल्याच मेद्वेजा गावात तर अशाच प्रेतांच्या तपासणीला लष्करी शल्यवैद्य गेले होते, आणि त्यांच्या अहवालावर अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत. माझ्या निबंधात फक्त गावकरी अंधश्रद्धाळू होते. वैद्यांना मी तो शब्द लावलाच नव्हता. बाईंनी खोडल्यावरच ते माझ्या लक्षात आलं.

सिनेमांबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगते की उन्हाने व्हॅम्पायर मरतो, ही १९२२च्या एका जर्मन मूकपटाची देणगी. १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो.

एका बाबतीत मात्र मी माघार घेतलेली नाही. वर्गातल्या तक्त्यात आपला वेताळ 'भारतीय व्हॅम्पायर' म्हणून बसवला आहे. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणताना शीर्षकातच तो शब्द घातला. पण विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ कुणाचं रक्त पितो? तो प्रेतात राहतो, गोष्ट सांगतो, न्यायाचा प्रश्न विचारतो, आणि राजा बोलला की परत झाडावर जातो. बाईंनी मला वर्गात दहा मिनिटं दिली, मी बोलले, आणि तक्त्यात त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आलं. मला ते पुरेसं वाटत नाही. परीक्षेआधी पुन्हा भेटणार आहे.

मागच्या शनिवारी आम्ही सगळे ऱ्होड आयलंडमधल्या एक्झिटरला गेलो. तिथे मर्सी ब्राउनचं थडगं आहे. दगड एकदा चोरीला गेला होता, म्हणून आता लोखंडी पट्टीने जखडला आहे. मर्सी जानेवारी १८९२ मध्ये क्षयाने गेली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. आई आणि मोठी बहीण आधीच गेल्या होत्या, आणि भाऊ एडविन अंथरुणाला खिळला होता. शेजारी म्हणू लागले, मेलेल्यांपैकी कुणीतरी त्याचा जीव शोषतंय. वडिलांचा यावर विश्वास नव्हता, तरी शेजाऱ्यांपुढे त्यांनी हो म्हटलं. मार्चमध्ये प्रेतं तपासली. मर्सीचं प्रेत हिवाळाभर जमिनीवरच्या कोठडीत थंडीत राहिलं होतं, म्हणून ते कुजलं नव्हतं. तिथे आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं की यात नवल काही नाही. तरी हृदय काढून जाळलं आणि राख एडविनला पाजली. २ मे रोजी तोही गेला.

सर्बियातली खेडी लांबची, तीनशे वर्षांपूर्वीची. हे रेल्वे, वर्तमानपत्रं आणि डॉक्टर असलेल्या देशात घडलं, आणि क्षयाचा जंतू सापडून तेव्हा दहा वर्षं झाली होती. त्या दगडापुढे उभी असताना मला सारखा मर्सीचा बाप आठवत होता. त्याच्यासाठी मी कोणता शब्द वापरला असता?

निबंध मी नव्याने लिहून दिला. परवा मामाचा फोन आला तेव्हा त्याला मर्सीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्याने सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "पण मग त्या डॉक्टरकडे दुसरं काय औषध होतं?"

काहीच नव्हतं. क्षयावर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडायला अजून ५१ वर्षं होती.