शिबिर संपल्यावरचे हसरे चेहरे आणि मोजमाप

जोडप्यांच्या संवाद-शिबिराचा शेवटच्या दिवशी भरून घेतलेला फॉर्म जवळजवळ नेहमीच गोड असतो. तो शिबिराचा परिणाम सांगत नाही, चहा-नाश्त्याचा सांगतो फार तर.

खरी कसोटी म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट करणे: एकाला शिबिर, दुसऱ्याला नाही, आणि मग दोघांची तुलना. अमेरिकेत ‘बिल्डिंग स्ट्राँग फॅमिलीज’ या जोडप्यांना नात्याची कौशल्यं शिकवणाऱ्या कार्यक्रमात ८ ठिकाणच्या सुमारे ५,००० अविवाहित जोडप्यांवर हेच केलं. १५ महिन्यांनी एकूण निकाल जवळपास शून्य होता. ओक्लाहोमात थोडा फायदा दिसला, बाल्टिमोरमध्ये उलट तोटा. सरासरीने दोन्ही झाकून टाकले असते.

सगळ्यात जास्त घोळ गळतीत होतो. नाव नोंदवून एकाही सत्राला न आलेली जोडपी बरीच असतात. त्यांना वगळलं की मागे उत्साही लोकच उरतात आणि आकडे फुगतात. म्हणून चिठ्ठीत ज्या गटात नाव निघालं, त्याच गटात हिशेब धरायचा, आलेले असोत वा नसोत. दुसरी मेख: ‘नात्यात समाधान किती?’ हा प्रश्न एकत्र राहिलेल्यांनाच विचारता येतो. त्यामुळे आधी ‘अजून एकत्र आहात का’ हे सर्वांचं मोजा.

नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोलीत बसवा. एकाच सोफ्यावर भरलेल्या प्रश्नावलीत उत्तरं संशयास्पद जुळतात. आणि दोघांची सरासरी काढू नका: समजा, नात्यातल्या समाधानाच्या प्रश्नावलीत १५१ पैकी त्याचे गुण १२०, तिचे ८०, सरासरी १००. बातमी त्या ४० च्या फरकात आहे.